शोकाची मुदत
नवरा गेल्याला आठ महिने झाले, तरी एखाद्या बाईचं मन त्याच्याच ओढीत अडकलेलं आहे, रोजची कामं होत नाहीत. ती आजारी आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात दीर्घ शोकाला विकार म्हणण्यासाठी किमान ६ महिन्यांची अट आहे. डीएसएम या अमेरिकी निदानपुस्तिकेने २०२२ मध्ये प्रौढांसाठी १२ महिन्यांची घातली. तेव्हा एका पुस्तकानुसार ही बाई आजारी ठरू शकते, दुसऱ्यानुसार नाही. रक्तातल्या साखरेसारखं हे मोजता येत नाही. किती शोक रास्त, हा निवाडा मूल्यांचाच असतो. आपल्याकडे तेराव्याने आणि वर्षश्राद्धाने तो पूर्वीच केला होता.

निदानांत अशी मूल्यं दडलेली असतात म्हणून मानसिक आजार ही दंतकथाच, असं मानसोपचारतज्ज्ञ थॉमस साझ यांनी १९६१ मध्ये मांडलं. ते मला पटत नाही. पाय मोडणं वाईट, हेही मूल्यच आहे. त्याने फ्रॅक्चर खोटं ठरत नाही. पण मूल्य आहे हे मान्य केलं, की ते उघड तपासावं लागतं. डीएसएममध्ये पूर्वी नुकत्याच झालेल्या वियोगानंतरच्या उदासीला नैराश्याच्या निदानातून सूट होती. २०१३ मध्ये ती काढली. मानसिक विकाराच्या संकल्पनेचे अभ्यासक जेरोम वेकफील्ड यांचा याला विरोध होता: शोकात मनाची यंत्रणा बिघडलेली नसते, ती आपलं काम करत असते. यावर वजनदार आक्षेप आहे. नोकरी गेलेल्याला अशी सूट नव्हती, मग वियोगालाच का? आणि निदान नाकारलं तर मदतही नाकारली जाईल. जीव द्यायचे विचार येणाऱ्याला ‘हे स्वाभाविकच’ म्हणून परत पाठवणं क्रूर आहे, यात शंका नाही. पण जुनी सूटही अशा माणसाला लागू नव्हती. शिवाय बाळंतपण आजार नाही, तरी तिथे सुईण लागते, डॉक्टर लागतो. मदतीचा हक्क आजाराच्या शिक्क्यावर अवलंबून ठेवणं, चूक तिथे आहे.

आयसीडी-११ आणखी एक अट घालते: शोक त्या समाजाच्या रीतीपलीकडे गेलेला हवा. पण रीतच शोक लांबवत असेल तर? कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, असं करून गाव एखादीला जन्मभर वियोगात उभं ठेवतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. सुरुवातीच्या त्या बाईला तपासणाऱ्या डॉक्टरने झोप आणि भूक विचारावीच. घरी सणावाराला तिला कुठे बसवतात, हेही विचारावं.