वाक्य निसटते कोठे?

शिक्षकाने दिलेली लांब सूचना मुलाने अर्धीच पाळली, की ‘याचे लक्षच नसते’ असा शेरा मारला जातो आणि पुढचा सगळा विचार तेथेच थांबतो. लक्षाचे महत्त्व वादातीत आहे. परंतु वाक्य अर्थापर्यंत पोचण्यापूर्वी दोन ठिकाणी निसटू शकते, हा भेद त्या शेऱ्यात पुसला जातो. ध्वनी ओळखू न येणे वेगळे आणि ओळखलेले ध्वनी वाक्य पुरे होईपर्यंत मनात न टिकणे वेगळे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे माहिती तात्पुरती धरून तिच्यावर काम करणाऱ्या स्मृतीची, मांडणी केली. तिच्यातील ध्वनिरूप ठसा मनातल्या मनात उजळणी न झाल्यास दोनेक सेकंदांत विरू लागतो. ‘ज्या माकडाने हत्तीला ढकलले त्याला सिंहाने पकडले’ या वाक्यात ‘त्याला’ येईपर्यंत माकड मनात धरून ठेवावे लागते, आणि कोणी कोणाला ढकलले हे तर ‘ने’ व ‘ला’ या आखूड, सहज गिळल्या जाणाऱ्या अक्षरांवर ठरते.

मुलांचे व्याकरणच अपुरे असते, असे मानणाऱ्या पक्षाने अशा वाक्यांचा अर्थ लावताना इंग्रजी मुलांच्या होणाऱ्या चुकांचा आधार घेतला होता. मात्र हेन्री हॅम्बर्गर आणि स्टीफन क्रेन यांनी १९८२ मध्ये दाखवले, की खेळण्यांतील एकाच जातीचे अनेक प्राणी समोर ठेवले, म्हणजे ‘जो अमुक करतो तो’ असे निवडून सांगण्याला काही प्रयोजन उरले, की त्या चुका पुष्कळ कमी होतात. तरीही परिचित रचनेचा स्मृतीवर कमी भार पडतो, हे खोडता येत नाही.

येथे थोडे आडवळण घ्यावे लागेल. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या १९८४ च्या प्रयोगात इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोचलेल्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. म्हणजे ध्वनींची ओळख हे निव्वळ कानाचे काम नव्हे. तिच्यामागे भाषेची साठवण उभी असते.

मग वर केलेला भेद तरी कितपत टिकतो? पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये प्रौढांना अंकांच्या याद्या ऐकवल्या. यादीच्या उत्तरार्धात गोंगाट मिसळला, तेव्हा स्वच्छ ऐकू आलेला पूर्वार्धही कमी आठवला. ओळखण्यासाठी पडलेले कष्ट धरून ठेवण्याच्या शक्तीतून वजा झाले होते. याचा अर्थ निसटण्याच्या दोन जागा एकाच साठ्यावर चालतात, आणि ज्याची स्मृती दुबळी म्हणून नोंदली जाते, त्या मुलाची अडचण ऐकण्यापाशी सुरू झालेली असू शकते. लहान मुलाचा शब्दसाठा तोकडा असल्यामुळे धूसर ध्वनी अंदाजाने भरून काढणे त्याला मोठ्यांपेक्षा अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातील पार्श्वध्वनीसाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली. आषाढातल्या पावसात पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या वर्गाचा तिच्याशी मेळ बसणे शक्य नाही. अशा वर्गात घेतलेल्या स्मृतिचाचणीचे गुण मुलाच्या नावावर मांडण्यापूर्वी त्याचे कान तपासले पाहिजेत, आणि त्याच्या डोक्यावरचे छप्परही.