जाहिरातीत न दिसणारं घर

चि. ओंकार यास,


तू पाठवलेल्या जाहिराती सगळ्या बघितल्या. यातलं कुठलं घर परवडेल, असं तू विचारलं आहेस. पण यातल्या निम्म्या जाहिरातींत घरच दिसत नाही. गेटची कमान आहे, पोहण्याचा तलाव आहे, गच्चीवरून दिसणारी टेकडी आहे. स्वयंपाकघराचा धड फोटो एकाही ठिकाणी नाही. माझी सगळी नोकरी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेली. खिडकी कुठे उघडते हे न सांगता कुणी 85 लाख मागतो, तेव्हा मला खरोखर राग येतो.

तुझ्या गौरीला आवडलेला कर्वेनगरचा फ्लॅटच घे. ‘टू बीएचके, 950 फूट, प्राइम लोकेशन, 85 लाख, थोडं निगोशिएबल.’ मजला लिहिलेला नाही. इमारत कधीची, लिफ्ट आहे का, पाणी महापालिकेचं की टँकरचं, एक अक्षर नाही. हॉलच्या फोटोत पडदे ओढून दिवे लावलेत. भर दिवसा पडदे का ओढले, हे दलालाला आधी विचार. बरेचदा पलीकडे हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत असते. बेडरूमचा फोटो दारात उभं राहून वाइड अँगलने काढलाय. भिंतीवरचं गोल घड्याळ लंबगोल झालंय आणि कपाट बाहेरच्या बाजूला कललंय, त्यावरून ते कळतं.

मग मी फरशा मोजल्या. दाराच्या चौकटीशी ताडून बघितलं, फरशी दोन फुटीच आहे. पलंगाच्या आडव्या बाजूने भिंतीपासून भिंतीपर्यंत पाच फरशा बसतात, म्हणजे दहा फूट. सहा फुटी पलंग आणि दोन फुटी कपाट गेलं की उरले दोन फूट. तेवढ्यात कपाटाचं दार उघडायचं, तिथूनच पलीकडे जायचं आणि उद्या पाळणा आला तर तोही तिथेच ठेवायचा. फोटोत ही खोली ऐसपैस दिसते. तू पण आता प्रत्येक फोटोत फरशा मोजायची सवय लाव.

आता ते 950 फूट. हा सुपर बिल्टअपचा आकडा असणार. बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट, लॉबी यांतला वाटा तुझ्या माथी मारून तो फुगवलेला असतो. पाय ठेवायला मिळतो तो कार्पेट. तो 640 निघाला, तर 8,950 रुपये फुटाचा वाटणारा दर एकदम 13,280 वर जातो. घर तेच, पैसे तेच; फक्त तुला स्वस्त वाटावं म्हणून भागाकार बदललेला.

नव्या प्रकल्पांना यावर थोडा लगाम बसलाय. रेराचा कायदा 2016 चा. आपल्याकडे महारेराचं काम मे 2017 पासून सुरू झालं. बिल्डरला कार्पेट एरियावरच बोलावं लागतं. त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि आता क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन केलास की मंजुरी आणि ताब्याची तारीख समोर येते. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागायला बिल्डरला बंदी आहे, हे बुकिंगच्या टेबलावर बसशील तेव्हा विसरू नकोस. कर्वेनगरसारख्या पुनर्विक्रीच्या जुन्या फ्लॅटला मात्र हा कायदा तसा लागत नाही. तिथे जाहिरात लिहिणाऱ्याला रान मोकळं.

आणि माझ्या मते शहरातले भाव चढे राहण्यात या अर्धवट जाहिरातींचा मोठा हात आहे. जमीन महाग आहे, चटईक्षेत्राचे नियम आहेत, गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप घातलेले फ्लॅट आहेत, ते सगळं खरंच. पण मालक भाव ठरवतो कसा? शेजारच्या सोसायटीतली जाहिरात बघतो आणि तिच्यावर पाच लाख चढवतो. ती जाहिरातसुद्धा कुणीतरी तशीच लिहिलेली असते. मागितलेल्या भावावरून पुढचा भाव मागितला जातो, घर शेवटी कितीला गेलं हे कुणी बघतच नाही. मजला, कार्पेट, इमारतीचं वय समोर असतं तर दोन घरं शेजारी ठेवून ताडता आली असती. तसं ताडता येऊ नये यात विकणाऱ्याचा फायदा आहे, म्हणून अशा जाहिरातीला मी निष्काळजीपणा म्हणून सोडून देणार नाही.

खरा भाव बघायची सोय आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे आपला इंडेक्स टू, शोधता येतो. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे कागद काढ. ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे दिसतील, क्षेत्रफळही दिसेल. जुन्या व्यवहारांत रोखीचा हिस्सा कागदावर न आलेला असू शकतो, तेवढं गृहीत धर. तरी दलालाच्या तोंडच्या भावापेक्षा हा आकडा भरवशाचा.

खर्चाचं थोडक्यात लिहिते. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे 85 लाखांवर 5 लाख 95 हजार. नोंदणीचे 30 हजार वेगळे. घर एकट्या गौरीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, याचा दोघांनी मोकळेपणाने विचार करा. साठ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलंस तर हप्ता 52 हजारांच्या घरात जातो आणि एकूण फेड होते सुमारे सव्वा कोटी. तुमच्या दोघांच्या पगारातून तो निघेल, पण एकाची नोकरी सहा महिने गेली तर? भाड्याच्या घरात आणखी दोन वर्षं राहिलात म्हणून कुणी तुम्हाला कमी लेखणार नाही. आईला मी समजावते.

या आठवड्यात एवढं कर. दलालाकडून मजला आणि कार्पेट लिहून घे, तोंडी नको. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत माग. ‘सोसायटीत आहे, नंतर देतो’ म्हणाला तर टोकनचा एक रुपया देऊ नकोस. फ्लॅट बघायला दुपारी तीनला जा आणि गेल्या गेल्या स्वतः पडदे उघड. आणि महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची झेरॉक्स मिळाली की मोबाइलवर फोटो न पाठवता मूळ मापाची प्रत कुरिअरने पाठव. मला पट्टी लावून मोजायचं आहे.

तुझी,
आत्या