शिवेवरचा दगड



इंग्लंडच्या डर्बीशायरमधलं ईम हे छोटंसं गाव. १६६५ च्या सप्टेंबरात तिथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेगही आला, असं मानतात. माणसं पटापट दगावू लागली. अशा वेळी जीव घेऊन पळावंसं कुणालाही वाटेल. पण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅनली यांनी गावाला विनवलं, शीव ओलांडू नका. आपलं मरण दुसऱ्यांच्या दारी नको. गावानं ऐकलं.

शिवेवर एक दगड आहे, भोकं पाडलेला. त्या भोकांत व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवत. शेजारगावची माणसं अन्न ठेवून ती नाणी घेऊन जात. एलिझाबेथ हॅनकॉक या माउलीनं आठ दिवसांत नवरा आणि सहा लेकरं स्वतःच्या हातांनी पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही गेली. सुमारे २६० जीव गेले.

आज तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये त्या मृतांच्या नावांची नोंद जपली आहे, रंगीत काचांची स्मृतिखिडकी आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्यांची आठवण जागवतं.

ज्यांना आपण कधी भेटणारही नाही, त्यांच्यासाठी थोडं सोसणं, हाच खरा शेजारधर्म. आज घराबाहेर पडताना स्वतःला एवढंच विचारूया: माझ्या थांबण्यानं कुणाचं भलं होणार असेल, तर मी थांबेन ना?