सेवेचा उगम आणि सेवेची अट

एखाद्या सेवाभावी संस्थेवर ती अमुक पंथाची हस्तक आहे, तिच्या दवाखान्याआड किंवा वसतिगृहाआड धर्मप्रसार चालतो, असा आरोप झाला की तिचे चालक बहुधा एकच उत्तर देतात, ते असे की संस्थेचा कोणत्याही धर्माशी वा संप्रदायाशी काडीमात्र संबंध नाही. संप्रदाय म्हणजे एखाद्या गुरूची, ग्रंथाची किंवा उपासनेची परंपरा मानणारा आणि नव्याने येणाऱ्यास तिची दीक्षा देणारा समुदाय, असा अर्थ घेतला तर हे उत्तर पुष्कळदा खरेही असते. तथापि ज्या प्रश्नाला ते उत्तर म्हणून दिले जाते तो प्रश्नच चुकीच्या जागी ठेवलेला असल्यामुळे आरोप करणाऱ्याचे त्याने समाधान होत नाही आणि संस्थेची खरी बाजूही त्यातून पुढे येत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्याचा गेल्या शतक-दीड शतकाचा इतिहास पाहिला तर ही अडचण स्पष्ट दिसते. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन एकोणिसाव्या शतकातच चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, आले. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक परंपरेकडे चांद्याचे स्वतंत्र मिशनक्षेत्र सोपवले गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना या भागातील गावोगावी रुजली. आणि बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाचे उद्घाटन १९५१ मध्ये झाले ते विनोबा भावे यांच्या हस्ते, ज्यांच्या सार्वजनिक जीवनाचा पाया गीतेच्या चिंतनात होता. या सर्वांची सेवा एकाच मापाने मोजावी असे येथे सुचवायचे नाही, परंतु ज्या कामामागे कोणतीही श्रद्धा उभी नाही असे काम या मुलखात शोधून सापडणे कठीण आहे, आणि म्हणून उगमाची शुद्धता हा निकष लावला तर कोणतीच संस्था त्यातून सहीसलामत सुटणार नाही.

कायद्यानेही उगमाचा निकष लावलेला नाही. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात, म्हणजे ज्या कायद्याखाली महाराष्ट्रातील न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते त्यात, धर्मादाय हेतूची व्याख्या करताना दारिद्र्य व संकट यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाची इतर कामे यांचा समावेश केला आहे, आणि ज्या हेतूचा संबंध केवळ धर्मशिक्षणाशी किंवा पूजेअर्चेशी आहे तो हेतू तेवढा वगळला आहे. रुग्णाला औषध देणारी संस्था धर्मनिष्ठ माणसांनी चालवली म्हणून तिचे काम धर्मादाय ठरायचे थांबत नाही. कायद्याची ही उदारता पुरेशी आहे का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, कारण औषध आणि उपदेश एकाच हाताने दिले जात असतील तर रोग्याच्या मनावर येणारे दडपण नोंदणीच्या दाखल्यावर दिसत नाही.

हे दडपण मोजण्याचा सर्वांत मोठा सरकारी प्रयत्न या प्रदेशातच झाला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एप्रिल १९५४ मध्ये राज्य सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या सदस्यांत अहेरीचे कीर्तिमंतराव होते, तसेच वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातील प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे गांधीविचाराचे ख्रिस्ती गृहस्थही होते. समितीने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या, प्रश्नावली पाठवली, आणि त्या प्रश्नावलीवरूनच वाद पेटून कॅथलिक पक्षाने नागपूर उच्च न्यायालयात धाव घेतली. १९५६ मध्ये आलेल्या अहवालाने दवाखाने, शाळा आणि कर्जाऊ रकमा यांचा धर्मांतरासाठी, म्हणजे एका धर्मातून दुसऱ्या धर्मात माणसे आणण्यासाठी, वापर होत असल्याचा निष्कर्ष काढला, तर मिशनांच्या बाजूने असा युक्तिवाद होता की रोग्याला बरे करणे ही त्यांच्या धर्माचीच आज्ञा असल्यामुळे सेवेला आमिष म्हणणे हा त्या धर्माविषयीचाच गैरसमज आहे.

या युक्तिवादात तथ्य आहे आणि तो नुसती पळवाट म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. ज्याच्या दृष्टीने सेवा हीच उपासना आहे त्याला सेवा धर्मापासून तोडून दाखव असे सांगणे म्हणजे त्याला स्वतःविषयी खोटे बोलायला लावणे होय. निष्काम कर्माचा सिद्धांत मानणारा गीतेचा वाचकही अशी फारकत करून दाखवू शकणार नाही. हेतू ही वस्तू बाहेरून तपासता येत नाही, किंबहुना कर्त्याला स्वतःलाही ती पूर्णपणे उमगत नाही. याउलट सेवेला जोडलेली अट तपासता येते: रोग्याला प्रार्थनेला बसावे लागते का, नाही म्हणणाऱ्याची खाट जाते का, मुलाच्या नावात बदल होतो का, मृताचे अंत्यसंस्कार कोणाच्या रीतीने होतात. नियोगी समितीच्या शिफारशींत या दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली आहे. वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे थेट साधन म्हणून वापर करण्यास कायद्याने बंदी असावी, ही तिची शिफारस अटीवर बोट ठेवते आणि ती न्याय्य वाटते. परंतु ज्या मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हा आहे त्यांना देशातून परत जाण्यास सांगावे, ही शिफारस हेतूचा निवाडा सरकारच्या हाती देते, आणि तेथे समितीचे पाऊल निश्चितपणे चुकले.

त्याहून गंभीर चूक दुसऱ्या एका शिफारशीत आहे, जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. अनुसूचित जमाती व मागासवर्ग यांना शिक्षण, आरोग्य आदी सेवा पुरवण्याची जबाबदारी सर्वस्वी राज्य सरकारची असावी आणि खासगी संस्थांना केवळ आपापल्या धर्माच्या लोकांसाठी संस्था चालवू द्याव्यात, असे समितीने सुचवले होते. पहिल्या भागातील कळकळ खरी आहे, कारण जेथे सरकारी डॉक्टर पोहोचतच नाही तेथे एकमेव दवाखाना ज्याचा असेल त्याच्या हाती अवाजवी सत्ता येते. पण दुसरा भाग अमलात आला असता तर दवाखान्याच्या दारातच रोग्याला त्याचा धर्म विचारावा लागला असता, म्हणजे ज्या अन्यायाच्या भीतीने समिती नेमली गेली तोच अन्याय नियम होऊन बसला असता. आणि आनंदवनासारखी संस्था, जिने कोणत्याही एका धर्माच्या नावाने आपले दार उघडले नव्हते, तिला रोगीच घेता आले नसते. पुढे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने नेमके उलट तत्त्व स्वीकारले: एखाद्या विशिष्ट धर्मसमूहाच्या किंवा जातीच्याच लाभासाठी स्थापन झालेल्या नव्या धर्मादाय न्यासाला करसवलत मिळणार नाही. धर्मादाय संस्थेच्या निःपक्षपातीपणाची अधिक चांगली कसोटी या तरतुदीत आहे, कारण ती देणाऱ्याच्या अंतःकरणात डोकावत नाही, घेणाऱ्यांच्या रांगेकडे पाहते.

अटीचा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो कुष्ठरोगाच्या बाबतीत. आयर्लंडच्या वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या मिशन टू लेपर्स या संस्थेने हिंदुस्थानभर कुष्ठालये उभारली किंवा चालवायला मदत केली, आणि १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला पकडून अशा ठिकाणी ठेवण्याची मुभा सरकारला दिली. घराने टाकलेला, गावाने वेशीबाहेर काढलेला माणूस एकदा कुष्ठालयात आला की अन्न, औषध, सोबत आणि शेवटी पुरण्याची जागा हे सर्व त्याला एकाच संस्थेकडून मिळत असे. त्याच्यावर कोणी सक्ती केली नाही, तो स्वखुशीने प्रार्थनेला येतो, असे चालकांनी सांगितले तर ते शब्दशः खरे असेल. परंतु ज्याला दुसरे दारच उरलेले नाही त्याच्या स्वखुशीला कितपत अर्थ आहे? चौलमुगऱ्याच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने घेत आयुष्य काढणाऱ्या रोग्याची स्थिती आणि १९८२ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या बहुविध औषधोपचाराने आपल्या घरी राहून ठरावीक मुदतीत बरा होणाऱ्या रोग्याची स्थिती यांत म्हणूनच केवळ वैद्यकीय फरक नाही. दुसऱ्याला धन्याच्या श्रद्धेची भीड बाळगण्याचे कारण पडत नाही.

बाबा आमटे यांनी हा पेच औषधाच्या आधीच ओळखला होता, आणि त्यांचे उत्तर धर्म नाकारण्यात नव्हते. महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली, वरोऱ्याजवळची खडकाळ जमीन मिळाली, सहा रोग्यांसह काम सुरू झाले. आणि तेथे आलेल्या रोग्याच्या हाती पहिल्या दिवसापासून काम देण्यात आले. झडलेल्या बोटांच्या, संवेदना गेलेल्या हातांनी विहीर खणायची, भाजी पिकवायची, पुढे यंत्रमाग आणि मुद्रणालय चालवायचे, या व्यवस्थेत कृतज्ञतेचे ओझे वाहण्याची वेळच रोग्यावर येत नाही. दानाने माणूस मोडतो आणि कामाने उभा राहतो, असे बाबा सांगत आणि श्रमालाच राम मानत. या भूमिकेचा धार्मिक स्वातंत्र्याशी असलेला संबंध पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. उपकृत माणूस उपकारकर्त्याचा देव स्वीकारतो तो पुष्कळदा पटल्यामुळे नव्हे तर फेड म्हणून. ज्याने आपल्या भाकरीची किंमत श्रमाने चुकवली आहे त्याला अशी फेड करावी लागत नाही. त्याच बाबांना १९८३ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा केलेल्या फादर डेमियन यांच्या नावाचा डेमियन-डटन पुरस्कार मिळाला आणि १९९० मध्ये धर्मक्षेत्रातील कार्यासाठी असलेला टेम्पलटन पुरस्कार ऑस्ट्रेलियाचे चार्ल्स बर्च यांच्यासह विभागून मिळाला. टेम्पलटन पुरस्काराच्या पहिल्या मानकरी १९७३ मध्ये मदर तेरेसा होत्या. ख्रिस्ती संताच्या नावाचा सन्मान स्वीकारणाऱ्या संस्थेला ख्रिस्ती म्हणायचे आणि विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या संस्थेला हिंदू म्हणायचे, तर आनंदवन एकाच वेळी दोन्ही ठरेल, आणि हे दोन्ही निष्कर्ष तितकेच निरर्थक आहेत.

परंतु श्रमाचा हा मार्ग सर्वत्र चालत नाही. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तापाने फणफणलेल्या किंवा अस्वलाने फाडलेल्या माडिया गोंडाला बरे होण्याआधी काम देता येणार नव्हते. उपचार द्यायचे ते विनामूल्य आणि विनाअट. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे येणारा रोगी बहुतेक वेळा आधी गावच्या पुजाऱ्याकडे जाऊन आलेला असे, आणि पुजाऱ्याची निंदा करणे ही डॉक्टरकीच्या दृष्टीने सोपी गोष्ट होती. औषधाने गुण आला की रोगी परंपरेवरचा विश्वास आपोआप गमावतो आणि तो विश्वास डॉक्टरवर येऊन बसतो. या क्षणी डॉक्टरच नव्या पंथाचा गुरू होण्याचा धोका असतो, आणि निधर्मी संस्थाही या धोक्यापासून मुक्त नाही. सेवाभावी संस्थांच्या संस्थापकांभोवती भाविकांचा मेळा जमतो, त्यांच्या वाक्यांना वचनांचा दर्जा मिळतो, हे महाराष्ट्राने पुष्कळदा पाहिले आहे. कोणत्याही जुन्या संप्रदायाशी संबंध नाही असे सांगणाऱ्या संस्थेने आपला स्वतःचा संप्रदाय तर तयार होत नाही ना, हे तपासले पाहिजे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून चालवलेल्या सर्च या संस्थेचे उदाहरण येथे विशेष बोधक आहे. ही संस्था संशोधनासाठी जगभर ओळखली जाते. नवजात बालकांच्या घरच्या घरी घ्यावयाच्या काळजीचा तिचा प्रयोग १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिच्या शोधग्राम येथील दवाखान्याचे नाव मात्र माँ दंतेश्वरी दवाखाना असे आहे, आणि ते नाव डॉक्टरांनी ठरवलेले नाही. दवाखाना कसा असावा असे आदिवासींना विचारले गेले तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या घरांसारख्या झोपड्या असाव्यात, सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा असावी, असे त्यांनी सांगितले आणि दवाखान्याला आपल्या देवीचे नाव द्यावे असेही सुचवले. नाव दिले गेले, देवीचे देऊळही आवारात आले. बाहेरून पाहणाऱ्याला हा धर्माशी संबंधाचा उघड पुरावा वाटेल, परंतु येथे प्रवाहाची दिशा उलटी आहे: संस्थेने रोग्याला आपला देव दिलेला नाही, रोग्याने संस्थेला आपला देव दिला आहे.

तरीही येथे एक गाठ उरतेच. दंतेवाड्याच्या दंतेश्वरीला हिंदू परंपरा शक्तिपीठ मानते, तर गोंड समाजातील एक मोठा विचारप्रवाह कोया पुनेम या आपल्या प्राचीन धर्माचे वेगळेपण मांडतो आणि जनगणनेत त्याची स्वतंत्र नोंद व्हावी असा आग्रह धरतो. त्यामुळे हा दवाखाना कोणत्या धर्माशी जोडलेला आहे, या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यागणिक बदलेल, आणि नाव सुचवणाऱ्या लोकांमध्येही त्याविषयी एकमत असेलच असे नाही. संस्थेने हा वाद आपल्या बचावासाठी कोणत्याही बाजूने मिटवून टाकणे, देवी हिंदूच आहे किंवा हिंदू नाहीच असे जाहीर करणे, म्हणजे जो अधिकार रोग्यांनी वापरून दाखवला तो त्यांच्याकडून काढून घेणे होईल. आरोप करणाऱ्याला तिने आपली नोंदवही, आपल्या देणग्यांचे हिशेब, आपल्या वॉर्डातील रोग्यांची रांग आणि नकार देऊन गेलेल्यांशी झालेले वर्तन दाखवावे. देवीचे म्हणणे मात्र तिच्या भक्तांना विचारावे.