गाळलेली नावं

उभा राहा. हो, तूच. मान वर कर, मी निबंधाबद्दल बोलतोय, तुझ्या चपलांबद्दल नाही.

'अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीबद्दल वर्षभर आधी घेतलेल्या देशपातळीवरच्या जनमत चाचण्या म्हणजे निव्वळ थोतांड.' हे तुझं पहिलं वाक्य. पुरावा कोण, तर रुडी जुलियानी. २००७ मध्ये बहुतेक वर्षभर रिपब्लिकन चाचण्यांत पुढे, आणि २००८ च्या जानेवारीत फ्लोरिडात तिसरे येऊन दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर. खरं आहे. त्याच वर्षी हिलरी क्लिंटन पुढे होत्या आणि उमेदवारी ओबामांनी नेली, हेही खरं. मग १९७२ चे मस्की, मग १९७६ चे कार्टर, ज्यांना आदल्या वर्षी फारसं कुणी ओळखतही नव्हतं. झालं! चार गळलेली पानं उचललीस आणि झाड वठलंय म्हणून मोकळा झालास.

अरे, १९८० च्या रेगनचं काय केलंस? १९८४ चे मॉन्डेल? १९८८ चे थोरले बुश, १९९६ चे डोल? २००० मध्ये तर दोन्ही पक्षांत, धाकटे बुश आणि गोर. सगळे आदल्या वर्षी पुढे होते आणि सगळ्यांना उमेदवारी मिळाली. २०२३ चे ट्रम्प तर कालपरवाचे. पेपर वाचतोस ना, की नुसतं क्रिकेटचं पान? जे आपल्या बाजूचं नाही ते वहीत उतरवायचंच नाही, याला अभ्यास म्हणत नाहीत, वकिली म्हणतात. त्याची फी तरी घ्यायचीस.

आता डोकं चालव. चाचणी वाचताना दोन गोष्टी बघायच्या असतात : माणसाच्या पाठीशी किती जण आहेत, आणि मुळात त्याला ओळखतात किती जण. दुसरीकडे तू ढुंकूनही पाहिलं नाहीस. समज, एकाला पक्षातले सगळे मतदार ओळखतात आणि त्याला पाठिंबा वीस टक्के. दुसऱ्याला निम्मेच ओळखतात आणि पाठिंबा दहा टक्के. पुढे कोण? पहिला म्हणणार तू. गणित कर. ओळखणाऱ्यांपैकी पाचातला एक दोघांकडेही आहे. फरक इतकाच की पहिल्याला नव्याने भेटायला कुणी उरलेलं नाही, आणि दुसऱ्यासाठी निम्मा पक्ष अजून शिल्लक आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कचे महापौर असलेल्या जुलियानींना अख्खा देश ओळखत होता. वर्षभर आधी फोनवर विचारलं की लोक ओळखीचं नाव सांगतात. हिलरींचं तेवढ्यानं उलगडत नाही, कारण त्यांचा आकडा खरोखरच मोठा होता. असे अपवाद लपवायचे नसतात, लिहायचे असतात.

आणखी एक. उमेदवारीसाठी देशभर एकाच दिवशी मतदान होतं असं कुणी सांगितलं तुला? राज्यामागून राज्य जातं, आणि पहिल्या निकालानं पुढच्या राज्यातल्या मतदाराचं मन बदलतं. डिसेंबर २००३ मध्ये हॉवर्ड डीन पुढे होते. जानेवारीत आयोवा केरींनी जिंकलं आणि महिन्याभरात चित्र पालटलं. उलट २०२० चे बायडन बघ. आदलं जवळजवळ सगळं वर्ष आघाडीवर, मग आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. त्या आठवड्यात तुझ्यासारख्यांनी त्यांना केव्हाच निकालात काढलं असतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी साउथ कॅरोलायना जिंकलं आणि उमेदवारी त्यांचीच झाली. तुझ्या निबंधात त्यांचं नावसुद्धा नाही.

सोमवारपर्यंत पुन्हा लिहून आण. १९७२ पासूनच्या दोन्ही पक्षांच्या सगळ्या लढती, एकही न गाळता. आदल्या वर्षी पुढे कोण, किती टक्क्यांनी, आणि बाकीच्यांना लोक कितपत ओळखत होते, हे प्रत्येकीपुढे हवं. जिथे खुद्द विद्यमान अध्यक्षच उभा होता त्या लढती वेगळ्या काढ. त्या या बेरजेत मिसळलेल्या दिसल्या तर तास संपेपर्यंत उभा ठेवीन.