अंगणातली फरशी आणि शेजारधर्म



घर बांधून झाले की अंगणात फरशी घालावी असे सर्वांनाच वाटते. चिखल होत नाही, झाडणे सोपे जाते, गाडी उभी राहते. जागा आपली, पैसा कष्टाचा. मग त्यात कोणाचे काय बिघडले?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर आपल्या दाराबाहेर आहे. १९९२च्या हद्दवाढीत आपले सोलापूर सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेले. पुढे शेतांचे प्लॉट पडले. शेताच्या बांधावर बाभूळ आणि लिंब असत, कडेने ओढा वाहत असे. एक बांध दुसऱ्याला जोडलेला असे. त्याच वाटेने मुंगूस, सरडे आणि पाखरे फिरत. आता त्या वाटा जागोजागी तुटल्या आहेत. शहरात हिरवळ किती आहे एवढेच पाहून भागत नाही. ती एकमेकींना जोडलेली आहे की तुकड्यातुकड्यांत अडकली आहे, यावरही तिथले जीवन अवलंबून असते.

पाण्याचेही तसेच आहे. आपल्याकडे वर्षाला पाऊस बेताचाच पडतो आणि तोही बराचसा मोजक्या सरींत. मोकळी माती ते पाणी पिते. फरशी ते रस्त्यावर ढकलते, रस्ता नाल्यात आणि नाला सखल भागातल्या वस्तीत. म्हणून सप्टेंबरमध्ये खालच्यांच्या घरात पाणी शिरते आणि एप्रिलमध्ये वरच्यांची बोअर आटते. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात बांधवलेला तलाव आजही शहराचे भूषण आहे. पण तलाव म्हणजे केवळ काठ नव्हे. जिथून पाणी वाहत येते ती सारी जमीन त्याचीच असते.

एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते की माझा शेजारी कोण? प्रभूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि प्रश्नच फिरवला: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? आपल्या अंगणातले पाणी ज्याच्या उंबरठ्यावर जाते, त्याचे आपण शेजारी झालो आहोत का?

कोणी म्हणेल, माझ्या एका अंगणाने काय होणार? मोठे नाले आणि मोकळ्या जागा सांभाळणे हे पालिकेचे काम आहे. खरे आहे, आणि तसे ठामपणे सांगायलाही हवे. पण शहर अशा एकेका अंगणानेच झाकले गेले. दोन खोल्यांत राहणाऱ्याला अंगणच नसते. म्हणून ज्याच्याकडे जागा आहे त्याची जबाबदारी अधिक. आपल्या चर्चचे आवारही त्यातून सुटत नाही.

उत्पत्तीच्या ग्रंथात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच राखणदारी आठवून दिली. भिंतीकडेची हातभर माती उघडी ठेवावी, एक लिंब लावावा, नाल्यात भर टाकू नये. एवढे तर आपल्या हातात आहे.

पुढचा पाऊस पडेल तेव्हा क्षणभर दारात उभे राहू या. आपले पाणी कोणाच्या घराकडे चालले आहे, ते पाहू या.