लाखोळीचं पाणी

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मी गंजात लाखोळीची डाळ भिजत घालते. दुसऱ्या दिवशी पितरांच्या घागरी भरायच्या असतात आणि आमच्या घरच्या पितरांना लाखोळीचेच वडे लागतात. यंदा डाळ निवडायला माझी आठ वर्षांची नात शेजारी येऊन बसली. खडे वेचता वेचता तिनं विचारलं, "आजी, त्याइले हे घर भेटन का?"

तिला तसं वाटायला कारण होतं. माझं सासर वैनगंगेच्या काठचं. २२ एप्रिल १९८८ ला गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली, आणि पुढे कुही तालुक्यातली जी गावं बुडितात गेली त्यांत आमचंही गेलं. सासूबाई ज्या ओसरीवर घागरी मांडत, तिथे आता पाणी आहे. आम्ही कुहीत घर बांधलं. नातीनं जुन्या गावाच्या गोष्टी ऐकल्या आहेत, आणि तिच्या लेखी पितर अजून तिथेच राहतात. त्यांना नवं घर कोणी दाखवलं?

मी शाळेत मराठी शिकवत आयुष्य काढलं, पण तिला चटकन काही सांगता आलं नाही. हा प्रश्न फार जुना आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकांचा आक्षेप नोंदवलेला आहे. इथे वाढलेलं मेलेल्या माणसाला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्यानं शिदोरी तरी कशाला बांधावी? घरी कोणीतरी त्याच्या नावानं जेवलं की वाटेत त्याचं पोट भरायला हवं. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. मी तळलेला वडा सासऱ्यांच्या पोटात जातो, असं मी मानत नाही. तरी दर वर्षी निखाऱ्यावर तूप आणि वड्याचा घास ठेवताना मी खोटं वागते आहे असं मला कधी वाटलेलं नाही. असं का, ते त्या संध्याकाळी डाळीनंच मला दाखवलं.

लाखोळी आमच्याकडची गरिबाची डाळ. धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर तिचं बी फेकतात. धान कापून झालं की उरलेल्या ओलाव्यावर ती वाढते. तिला वेगळी नांगरट लागत नाही, वेगळं पाणी लागत नाही. बाकी पिकं हातची गेली तरी लाखोळी काही ना काही देते. पण तिच्या दाण्यात विष असतं. महिनोन्‌महिने तिच्यावरच पोट भरावं लागलं, तर माणसाचे पाय लुळे पडतात. म्हणूनच १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली.

माझ्या आईचा थोरला भाऊ दोन काठ्यांवर चालायचा. माझं आजोळ पवनीकडचं. तंगीच्या एका वर्षी त्या घरात दोन्ही वेळेला लाखोळीच शिजत होती. पुढे आईच्या संसारातही लाखोळी सुटली नाही, कारण बांधीत तीच पिकत होती. पण ती डाळ तीनदा पाण्यात घालायची. रात्रभर भिजवून ते पाणी ओतायचं, नवं घालून तेही ओतायचं, मग तिसरं. तिसरं पाणी ओतल्याशिवाय डाळ पाट्यावर घेतली, तर आई ओरडायची. भिजवून पाणी ओतलं की विष कमी होतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आईला ते भावाच्या पायांनी शिकवलं होतं.

नातीनं विचारलं, "तीनदा काऊन?" तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं. तिनं मामाच्या काठ्या कशा होत्या ते विचारलं. त्या बांबूच्या होत्या, आणि त्यांच्या टोकांना त्यानं सायकलच्या टायरचे तुकडे बांधले होते.

आमच्या तालुक्यात अंभोऱ्याला वैनगंगेचा संगम आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, 'विवेकसिंधु' तिथे रचला, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. वर्गात मी विवेक या शब्दाचा अर्थ 'शहाणपण' असा सांगत आले. त्याचा मूळ अर्थ आहे वेगळं करणं. दाणा आणि विष एकाच शेंगेत वाढतात. दाणा ठेवायचा आणि विषाचं पाणी ओतायचं, हे माझी आई रोज करत होती. परंपरा लेकराच्या हाती द्यायची तर तशीच द्यावी, असं मला वाटतं. विष आहे म्हणून सगळी टाकून दिली तर लेकरू उपाशी राहतं, आणि जशीच्या तशी खाऊ घातली तर त्याचे पाय जातात.

आमच्या पितरांच्या चालीतही ओतण्यासारखं पुष्कळ आहे. "पाणी द्यायला पोरगाच लागतो," हे वाक्य माझ्या नातीनं एका लग्नघरी ऐकलं, आणि घरी येऊन तिनं मला त्याचा अर्थ विचारला. ते पाणी मी तिच्या देखत ओतलं. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात याहून मोठं पाणी ओतलं. श्राद्धाचं अन्न त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्यांना वाढलं. ब्राह्मण रुसले, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले, अशी कथा आहे. आमच्या समोरच्या बौद्ध घरात तर घागरी भरतच नाहीत. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेच्या २२ प्रतिज्ञांत श्राद्ध न करण्याचीही प्रतिज्ञा आहे, आणि ते ती मनापासून पाळतात. त्या घरची आजी वडे मात्र तिच्या आईसारखेच करते, जाडसर वाटून, भरपूर लसूण घालून. माझी नात दोन्ही घरचे वडे खाते आणि डोळे मिटून कोणता कुठला ते ओळखते.

आमच्या वड्यात ओवा असतो. या घरात तो आधी नव्हता, सासूबाई फक्त जिरं घालायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या अक्षय तृतीयेला मी सवयीनं आईसारखा ओवा चुरडून टाकला आणि घाबरले. सासूबाईंनी एक वडा तोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "राहू दे." तेव्हापासून सासरच्या पितरांच्या पानावर माझ्या आईचा हात आहे. घागर भरताना जी नावं घेतली जातात त्यांत तिचं नाव नाही. वंश नावानं चालतो, पण चव सुनांबरोबर घरोघर जाते, आणि तिची वंशावळ कोणी लिहून ठेवत नाही. ती लेकराला जिभेवरच वाचावी लागते.

अक्षय तृतीयेला पहाटे नात माझ्याआधी उठली होती. पहिलं पाणी ओतून तिनं दुसरं घातलं होतं. मी दोन्ही घागरी भरल्या, पळसाच्या पानांवर खीर, कढी वाढली. तोवर तिनं तिसरं पाणी अंगणात लिंबाच्या बुडाशी नेऊन ओतलं होतं.

"हे मामाचं पाणी," रिकामा गंज माझ्या हातात देत ती म्हणाली, आणि ओव्याचा डबा शोधायला आत गेली.

त्यांना घर भेटेल का, हे तिनं पुन्हा विचारलं नाही.